इंग्रजीतून सूफी ग्रंथ वाचायचेत? कुठून सुरू करायचं, कुठली भाषांतरं घ्यायची, कुठे फसायला होतं

मला बरेच जण विचारतात की रूमी वाचायचाय, गझाली वाचायचाय, फारसी-अरबी येत नाही, मग इंग्रजीतून कुठलं पुस्तक घेऊ? एका मेसेजमध्ये याचं उत्तर देता येत नाही, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय. मीही मराठी माध्यमातला, इंग्रजी नंतर अंगवळणी पडलेलं, आणि फारसी म्हणाल तर शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक ओळ लावण्यापुरती. या वाटेवर सांगणारं कोणी भेटलं तर सहज एक-दोन वर्षांची बचत होते. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: आधी गद्य, मग कविता. आणि जे वाचाल ते टिपांसकट वाचा. बाकी सगळं याच्याच आधाराने पुढे येतं.

१. आधी कळून घ्या की हे एकच एक साहित्य नाही

सूफी वाङ्मय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त कविता येते. प्रत्यक्षात त्यात बरेच प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं वाचन वेगळं.

मलफूजात म्हणजे गुरूच्या बैठकीतली बोलणी, शिष्याने लिहून ठेवलेली. मकतूबात म्हणजे पत्रं. तजकिरा म्हणजे संतचरित्रं. मग साधकांसाठी लिहिलेले शिस्तीतले ग्रंथ आहेत, जसं कुशैरीचं रिसाला (अरबी, अकरावं शतक) किंवा लाहोरला दफन असलेल्या हुजवीरीचं कश्फुल महजूब, जे फारसी गद्यातलं या विषयावरचं फार जुनं पुस्तक. हिकम म्हणजे छोटी छोटी सूत्रं, यात कैरोच्या इब्न अताउल्लाहचं नाव सगळ्यात मोठं (मृत्यू १३०९). आणि मग मसनव्या (यमक जुळलेल्या जोडओळींच्या लांब कविता), गझला, रुबाया (चार ओळींच्या कविता).

सर्वसाधारणपणे शास्त्र अरबीत आणि काव्य-गोष्टी फारसीत असं दिसतं, पण गझालीने दोन्ही भाषांत लिहिलंय आणि इब्न अरबीने अरबीत प्रेमकविता केल्यात, त्यामुळे ही विभागणी ढोबळच समजा.

२. हाताशी काय काय लागेल

- कुराणाचं एक सुटसुटीत भाषांतर. हे नसेल तर पुढे पाऊलच टाकू नका, कारण या लोकांच्या दर दोन वाक्यांमागे एक आयत, म्हणजे कुराणातलं वचन, असते. अब्दुल हलीम यांचं ऑक्सफर्डचं इंग्रजी (२००४) वाचायला सोपं आहे. पिकथॉलचं १९३० चं जुन्या वळणाचं आहे. हे पिकथॉल आधी मुंबईत बॉम्बे क्रॉनिकलचे संपादक होते आणि नंतर हैदराबादला निजामाच्या नोकरीत असताना त्यांनी ते भाषांतर पूर्ण केलं. मराठी भाषांतरंही मिळतात, तेही चालेल.
- एक वही. अर्ध्या पानावर संज्ञा, अर्ध्यावर माणसं. तवक्कुल (देवावर भरवसा), फना (स्वतःचं विरून जाणं), नफ्स (आपल्या आतला अहं), हाल (मनाची येणारी-जाणारी अवस्था), मकाम (साधनेतला टप्पा) हे शब्द प्रत्येक भाषांतरकार वेगवेगळ्या इंग्रजी शब्दांत मांडतो, त्यामुळे मूळ शब्द वहीत नसेल तर दुसऱ्या पुस्तकात तीच गोष्ट ओळखताच येत नाही.
- स्टाइनगासचा फारसी-इंग्रजी कोश, हा शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतो. मराठीत माधवराव पटवर्धनांचा, म्हणजे आपल्या माधव जूलियनांचा, फारसी-मराठी कोश आहे (१९२५). जुन्या ग्रंथालयात मिळाला तर नक्की बघा, आपण रोज बोलतो त्यातले किती शब्द तिथे सापडतात ते बघून आनंद होतो.
- एन्सायक्लोपीडिया इरानिका, ऑनलाइन, फुकट. कोणी माणूस किंवा ग्रंथ अडला की पहिल्यांदा इथे.
- हिजरी साल इसवीत बदलून देणारी कुठलीही साइट. टिपांमध्ये नुसतं ६७२ लिहिलेलं असतं आणि ते रूमीच्या मृत्यूचं साल असतं, म्हणजे आपलं १२७३.

३. पहिलं पुस्तक: गझालीचं आत्मकथन

अल-मुनकिज मिनद-दलाल. लहान पुस्तक, दोन-तीन दिवसांत वाचून होतं. गझाली (१०५८ ते १११‍१) म्हणजे बगदादच्या निजामिया मदरशातला त्या काळचा सगळ्यात नावाजलेला शिक्षक. मोठा पगार, शेकडो विद्यार्थी, दरबारात मान. आणि १०९५ मध्ये एक दिवस तो शिकवायला बसतो आणि तोंडातून शब्दच फुटत नाही. अन्न पचेना, पाणी उतरेना, वैद्य सांगतात की हा मनाचा आजार आहे, औषधाने जायचा नाही. तो पैसाअडका वाटून टाकतो, मुलाबाळांपुरतं ठेवतो, लोकांना सांगतो मक्केला चाललोय आणि निघतो शामला म्हणजे सीरियात, दमास्कसला. तिथे मशिदीच्या मिनारावर जाऊन दिवसभर दार लावून बसायचा.

हे सगळं तो स्वतः सांगतो, आणि त्याआधी कलामवाले (तर्काने धर्म मांडणारे), तत्त्वज्ञ, बातिनी (गुप्त अर्थ इमामाकडूनच घ्यावा म्हणणारे) आणि सूफी अशा चार वाटा त्याने कशा तपासल्या तेही सांगतो. नव्या वाचकाला यापेक्षा चांगला नकाशा नाही. माँटगोमेरी वॉटचं १९५३ चं भाषांतर सोपं आहे, मॅकार्थीचं १९८० चं जास्त टिपांचं. पहिल्यांदा वॉट घ्या.

गझालीच्याच इह्या उलूमुद्दीन या मोठ्या ग्रंथाच्या मागे लगेच लागू नका. तो चाळीस भागांचा ग्रंथ आहे, दहा-दहाचे चार गट. पण त्यातले सुटे भाग केंब्रिजच्या इस्लामिक टेक्स्ट्स सोसायटीने नीट टिपांसह काढलेत, त्यातला मृत्यूच्या स्मरणाचा शेवटचा म्हणजे चाळिसावा भाग टी. जे. विंटर यांनी केलाय (१९८९), तो एकटाच वाचला तरी चालतो. भारतात स्वस्तात जे इह्या मिळतं ते बहुतेक वेळा फजलुल करीम यांचं संक्षिप्त इंग्रजी असतं. ओळख म्हणून ठीक आहे, पण ते अख्खं इह्या नाही एवढं लक्षात ठेवा.

४. दुसरं पुस्तक: आपल्या घराजवळचं

फवाइदुल फुआद. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांच्या बैठकीतली बोलणी, कवी अमीर हसन सिज्जीने १३०८ पासून १३२२ पर्यंत लिहून ठेवलेली. ब्रूस लॉरेन्स यांचं इंग्रजी १९९२ ला आलं. प्रत्येक बैठकीला तारीख आहे, वार आहे, आणि वाचताना आपण कोपऱ्यात बसून ऐकतोय असं वाटतं. कोणी जेवणाबद्दल विचारतो, कोणी स्वप्नाबद्दल, शेख एखादी गोष्ट सांगतात, मध्येच डोळ्यांत पाणी येतं, थांबतात.

यातली एक जागा मला फार प्रिय आहे. हसन बरेच दिवस गुपचूप लिहीत असतो, मग एकदा धीर करून शेखांना कागद दाखवतो. शेख वाचतात, खूश होतात, आणि विचारतात की या मधल्या जागा कोऱ्या का सोडल्यास? हसन म्हणतो, तिथले शब्द मला नीट आठवले नाहीत. मग शेख स्वतः त्या जागा भरून देतात. म्हणजे ज्याचं बोलणं आहे त्यानेच तपासलेलं पुस्तक आहे हे. मलफूजात म्हणून पुढे जी पुस्तकं आली त्यातली काही तर नंतर कोणीतरी रचून मोठ्या संतांच्या नावावर खपवलेली आहेत, त्यामुळे फवाइदचं वजन वेगळं.

आणि हा हसन सिज्जी कुठे आहे? आपल्या खुलताबादला. मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली तेव्हा दिल्लीतली माणसं इकडे आली, त्यात हाही. निजामुद्दीनांचे शिष्य बुर्‍हानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) पण तिथेच आहेत. लोक वेरूळला जाऊन येतात, औरंगजेबाची कबर बघतात आणि परततात. ती कबर झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि झैनुद्दीन हे बुर्‍हानुद्दीनांच्या गादीवरचे, हे कोणी सांगतच नाही. कार्ल अर्न्स्ट यांचं इटर्नल गार्डन (१९९२) हे पुस्तक पूर्ण खुलताबादवरच आहे, त्यात इथल्या मलफूजातांचे उतारेही आहेत. महाराष्ट्रातल्या माणसाने फवाइद झालं की हे वाचावंच असं मी आग्रहाने सांगेन.

५. भाषांतर विकत घ्यायच्या आधी तपासायचं कसं

दुकानात किंवा ऑनलाइन प्रिव्ह्यूमध्ये एवढं बघा:

मुखपृष्ठाच्या आतलं पान उघडा. कुठल्या भाषेतून, कुठल्या छापील किंवा हस्तलिखित प्रतीवरून भाषांतर केलंय ते लिहिलंय का? चांगला भाषांतरकार हे सांगतोच. नंतर मध्येच एखादं पान उघडा आणि बैतांचे (बैत म्हणजे कवितेतली एक जोडओळ) किंवा प्रकरणांचे आकडे आहेत का बघा. आकडे नसतील तर मूळ शोधता येत नाही, दुसऱ्या भाषांतराशी ताडताही येत नाही. शेवटी टिपा आणि सूची. सूचीत कुराणाच्या आयतींची वेगळी यादी असेल तर डोळे मिटून घ्या.

आता रूमीचं. दुकानात सगळ्यात जास्त दिसतात ती कोलमन बार्क्स यांची पुस्तकं. ते स्वतः सांगतात की त्यांना फारसी येत नाही, निकोल्सन-आर्बेरी या इंग्रज अभ्यासकांची जुनी भाषांतरं आणि एका फारसी जाणकाराने करून दिलेली कच्ची भाषांतरं घेऊन त्यांनी ती आजच्या अमेरिकन मुक्तछंदात बसवली. वाचायला गोड आहेत आणि लाखो लोकांना रूमीचं नाव त्यांच्यामुळेच कळलं. पण त्याला रूमीचा मजकूर समजू नका. योग्य-अयोग्याच्या पलीकडे एक मैदान आहे, तिथे भेटू, ही ओळ लग्नपत्रिकेवर सुद्धा बघितलीय मी. मूळ फारसी रुबाईत कुफ्र (अश्रद्धा) आणि इस्लाम यांच्या पलीकडचं मैदान आहे. तेराव्या शतकातला, आजच्या तुर्कीतल्या कोन्याचा एक धर्मशास्त्री, नमाज पढणारा, शिकवणारा माणूस हे म्हणतो तेव्हा त्यात केवढा ताण आहे. तो ताण काढला की उरतं ते कपावर छापायचं वाक्य.

फारसी कवी हाफिजच्या नावावर इंग्रजीत फिरणाऱ्या कितीतरी कवितांना तर फारसीत मूळच नाही. आणि बसऱ्याच्या राबियाने स्वतः लिहिलेलं काहीच उरलेलं नाही, ती आठव्या शतकातली, तिच्या गोष्टी आणि वचनं आपल्याला मिळतात ती नंतरच्यांकडून, त्यातल्या कितीतरी फारसी कवी अत्तारकडून, म्हणजे चारशे वर्षांनी. म्हणून राबियाच्या कविता असं नाव दिसलं की आधी विचारा, कशावरून?

६. मसनवीत शिरताना

मसनवी म्हणजे इथे रूमीचं मोठं काव्य: सहा दफ्तरं म्हणजे भाग, पंचवीस हजारांच्या वर बैत. इथे घाई नको.

फुकट हवं असेल तर निकोल्सन. त्याने १९२५ ते १९४० मध्ये आठ खंड काढले आणि ते इंटरनेट आर्काइव्हवर सापडतात. पण इथेच नवे लोक गोंधळतात. पहिला खंड डाउनलोड करतात तर आत सगळं फारसी! कारण १, ३, ५ हे खंड मूळ फारसीचे, २, ४, ६ इंग्रजी भाषांतराचे आणि ७, ८ टीकेचे. म्हणजे तुम्हाला पहिलं-दुसरं दफ्तर इंग्रजीत हवं असेल तर खंड २ उघडायचा आणि त्याच्यावरची टीका खंड ७ मध्ये. अजून एक, फुकट ई-बुक म्हणून वारंवार दिसतं ते व्हिनफील्डचं एकोणिसाव्या शतकातलं, ते संक्षिप्त आहे.

निकोल्सनची इंग्रजी शब्दाला शब्द, जड, कंसांनी भरलेली. पण भरवशाची. अश्लील वाटलेल्या गोष्टी त्याने सरळ लॅटिनमध्ये घातल्यात, पाचव्या दफ्तरात अचानक लॅटिन आली तर पुस्तक खराब आहे असं समजू नका. वाचायला सुखाचं हवं असेल तर जावीद मुजद्ददी यांचं ऑक्सफर्डचं, २००४ पासून एकेक दफ्तर येत गेलं, यमक सांभाळून केलेलं आणि टिपा चांगल्या. माझी पद्धत अशी की गोष्ट मुजद्ददीत वाचायची आणि अडलं तिथे बैताचा आकडा बघून निकोल्सनकडे जायचं.

सुरुवात मसनवीच्या पहिल्याच ओळींतल्या बासरीच्या तक्रारीपासून सगळेच करतात, ते करा. पण नंतर सलग न जाता पहिल्या दफ्तरात बैत ९०० च्या आसपास उडी मारा, कारण तिथे आपल्या ओळखीची गोष्ट आहे: सिंह आणि ससा. पंचतंत्रातली. ती पहलवीत म्हणजे जुन्या फारसीत गेली, तिथून आठव्या शतकात अरबीत कलीला व दिमना झाली, मग फारसीत आली, आणि रूमी स्वतःच म्हणतो की कलीलामध्ये ती गोष्ट शोधा.

गोष्ट आपण लहानपणीच ऐकलीय, म्हणून रूमी काय करतो ते लगेच दिसतं. आपल्याकडे प्राणी रोज एक बळी कबूल करतात आणि गोष्ट पुढे पळते. रूमीकडे ते आणि सिंह वाद घालत बसतात. प्राणी म्हणतात, देवावर भरवसा ठेव, धडपड कशाला? सिंह म्हणतो, भरवसा ठेवच, पण पैगंबराने सांगितलंय की उंटाचा गुडघा बांधून मग भरवसा ठेव. मध्येच सुलेमान पैगंबराची गोष्ट येते, एक माणूस मृत्युदूताला घाबरून वाऱ्यावर बसून हिंदुस्तानला पळतो आणि त्याचा जीव नेमका हिंदुस्तानातच घ्यायचा ठरलेला असतो. मग पुन्हा ससा, मग हुदहुद पक्षी, मग परत ससा. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं हा माणूस गोष्ट विसरला की काय. विसरलेला नाही, प्रयत्न आणि नशीब यांची बाजू तो पुन्हा पुन्हा उलटीपालटी करून बघतोय.

मग विहीर. सिंह सशाला बगलेत धरून वाकतो, पाण्यात एक सिंह आणि त्याच्या बगलेत ससा दिसतो, आणि उडी घेतो. इथे रूमी थांबून वाचकाकडे वळतो: दुसऱ्यात तुला जो जुलूम दिसतो तो पुष्कळदा तुझाच स्वभाव असतो. पंचतंत्र सशाच्या हुशारीवर संपतं. मसनवीत ससा जिंकून परत आल्यावर लगेच पुढचं प्रकरण लागतं, छोट्या जिहादकडून मोठ्या जिहादकडे परतण्याचं, आणि सांगतं की बाहेरचा शत्रू मारला, आतला त्याहून वाईट शिल्लक आहे, आणि आतला सिंह सशाच्या आवाक्यातला नाही, अक्कल तिथे चालत नाही. हे सगळे मिळून जवळपास पाचशे बैत. एवढे नीट, टिपांसकट वाचले की मसनवी कशी वाचायची ते हाताला लागतं, मग कुठलंही दफ्तर उघडा. पुढची गोष्ट म्हणून दुसऱ्या दफ्तरातला मूसा आणि मेंढपाळ घ्या, आपल्या भोळ्या भक्तीच्या कथा ऐकलेल्या माणसाला तो लगेच भिडतो.

७. त्यानंतर काय, आणि काय इतक्यात नको

अत्तारचं मंतिकुत्तैर, पक्ष्यांची त्यांचा राजा सीमुर्ग या अद्भुत पक्ष्याच्या शोधातली यात्रा. अफखम दरबंदी आणि डिक डेव्हिस यांचं पेंग्विनचं (१९८४) यमकबद्ध आणि वाचनीय. अत्तारच्याच संतचरित्रांचं आर्बेरीने केलेलं भाषांतर (१९६६) हे निवडक आहे, पूर्ण नव्हे. हुजवीरी निकोल्सनचा (१९११), कुशैरी अलेक्झांडर क्निश यांचा (२००७).

इब्न अरबी मात्र थांबवा. त्याच्या दोन मोठ्या ग्रंथांपैकी फुतूहात ५६० प्रकरणांचं आहे आणि फुसूस लहान असलं तरी सगळ्यात अवघड. लोक यूट्यूबवर वहदतुल वुजूद (अस्तित्व एकच आहे हा विचार) ऐकतात, त्यांना वाटतं हा आपला अद्वैतच की, आणि फुसूस विकत घेतात. दहा पानांत बंद. आपला अद्वैत डोक्यात ठेवून वाचलं तर जिथे फरक आहे तिथेच आपण घसरतो. जायचंच असेल तर आधी विल्यम चिटिक यांचं सूफी पाथ ऑफ नॉलेज (१९८९), मग ऑस्टिनचं फुसूस (१९८०).

८. मिळतं कुठे

विदेशी आवृत्त्या महाग असतात. दिल्लीच्या प्रकाशकांची स्वस्त रिप्रिंट मिळतात, फक्त पानं पूर्ण आहेत ना आणि टिपा गाळलेल्या नाहीत ना ते चाळून बघा. मुंबईत मोहम्मद अली रोडच्या पुस्तकांच्या दुकानांत उर्दू जास्त, पण इंग्रजीही असतं, विचारायला लाजू नका, लोक आपुलकीने सांगतात. जुन्या आवृत्त्यांसाठी फोर्टातली एशियाटिक सोसायटी.

ऑनलाइन शोधताना स्पेलिंगचा त्रास होणार हे धरून चला. मसनवी कोणी एस ने लिहितं, कोणी टी-एच ने, तुर्कीवाले मेस्नेवी करतात. गझालीला कुठे एक झेड कुठे दोन. एका स्पेलिंगने नाही सापडलं तर दुसऱ्याने, आणि भाषांतरकाराच्या नावाने शोधलं तर सगळ्यात लवकर सापडतं. फारसी मूळ बघायचं तर गंजूर साइटवर सगळे मोठे कवी आहेत.

९. रोजचं वाचन कसं ठेवायचं

एकदम पन्नास पानं वाचली तर यातलं काहीच मुरत नाही. माझ्या मते रोजच्या वाचनासाठी बिहारच्या शरफुद्दीन मनेरींची शंभर पत्रं सगळ्यात उत्तम. चौसाच्या शम्सुद्दीन नावाच्या काजीला कामामुळे गुरूकडे येऊन बसता येत नव्हतं, म्हणून गुरूने त्याला पत्रांतून शिकवलं. म्हणजे पुस्तक मुळातच नोकरीधंद्यातल्या माणसासाठी लिहिलेलं आहे. पाटण्याला राहिलेले जेझुइट पॉल जॅक्सन यांनी ते इंग्रजीत आणलं (१९८०). एक पत्र दोन-चार पानांचं, ट्रेनमध्ये होतं. वाचून झालं की वहीत विषय, आयत आणि न कळलेली एक जागा लिहायची, बस.

सोबतीला मराठीतलं काही हवं असेल तर सेतु माधवराव पगडींचं सूफी संप्रदाय ओळखीसाठी चांगलं आहे. आणि श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा योगसंग्राम जवळ ठेवा. गझाली-मनेरींमुळे नफ्सशी लढायची भाषा ओळखीची झाल्यावर योगसंग्रामातलं युद्ध वाचून बघा, ओव्या आपल्याच आहेत आणि त्याला भाषांतर लागत नाही.